ली वकिलांची धाकटी

"वहिनी, ली वकिलांच्या धाकटीचं कळलं का तुम्हाला?"

वहिनी मधल्या भिंतीवर ताट ठेवून मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कोण, लेले वकील? त्यांना तर दोन्ही मुलगेच."

"लेले नव्हे हो, ली. अलाबामातले. मन्रोव्हिल म्हणून गाव आहे तिथलं."

"म्हणजे परत पुस्तकातलं," असं म्हणून त्या मेथीकडे वळल्या. पण कान माझ्याकडेच होता. माझ्या पुस्तकांतल्या माणसांची खबरबात वहिनींना गल्लीतल्या माणसांइतकीच लागते. फक्त ती आयती हवी असते, वाचायची दगदग नको. मीही तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, ऐकणारं माणूस मिळालं की सोडत नाही.

तर हे ली वकिली करायचे, गावचं वर्तमानपत्र चालवायचे आणि राज्याच्या विधिमंडळातही जाऊन आले होते. एकूण वजनदार माणूस. धाकटी मुलगी १९२६ ची, नाव नेल. आजीचं नाव एलन, त्याची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून लिहिली की नेल होतं.

"नावापासूनच उलटी म्हणा की," वहिनी म्हणाल्या.

तसंच काहीसं. ही नेल खांद्यावर पट्टे असलेली डंगरी घालून गावभर हिंडायची आणि पोरांशी हाणामारी करायची. शेजारच्या घरात होता ट्रुमन. त्याच्या आईवडिलांचं धड नव्हतं, म्हणून आईने त्याला आपल्या नातेवाइकांकडे आणून ठेवलेला. नेलपेक्षा दीडेक वर्षाने मोठा, पण चणीने एवढासा, आवाज चिरका, कपडे मात्र इस्त्रीचे, पांढरे. गावातली पोरं त्याला धरून बडवायची आणि ही मधे पडून त्याला सोडवायची. वकिलांनी दोघांना एक जुना टाइपरायटर दिला होता, त्यावर गोष्टी लिहीत बसायची दोघं. दोन घरांच्या मधे एक दगडी भिंत होती. घरं पुढे गेली, भिंत तेवढी राहिली.

"आमच्याकडे गडगा म्हणतात तसली," वहिनी म्हणाल्या. त्यांचं माहेर राजापूरकडचं. मग ताटातली एक पिवळी काडी बाजूला टाकून म्हणाल्या, "देवाने दोन घरांत अदलाबदल केली बघा. मुलगी मुलासारखी आणि मुलगा मुलीसारखा."

गंमत पुढेच आहे. दोघंही लेखक झाली आणि दोघांनीही शेजाऱ्याला आपल्या कादंबरीत घातलं. ट्रुमन आधी. १९४८ साली, तेविसाव्या वर्षी त्याची 'अदर व्हॉइसेस, अदर रूम्स' आली. त्यात आयडाबेल नावाची पोरगी आहे, केस पिंजारलेली, शिव्या देणारी. जुळी बहीण अगदी नटवी आणि ही मुलगा व्हायचं म्हणते. कादंबरीतला जोएल हा नाजूक मुलगा ओढ्याकाठी भाबडेपणाने तिचा पापा घ्यायला जातो, तर ती त्याला असं लोळवते की झटापटीत तिचा काळा चष्मा फुटतो. ही आयडाबेल म्हणजे नेल. मग १९६० साली नेलचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आलं. त्यात स्काउटच्या शेजारी दर उन्हाळ्यात डिल नावाचा पोरगा येतो, बुटका, बदकाच्या पिसांसारखे पांढुरके केस, तागाची चड्डी सदऱ्याला बटणांनी अडकवलेली, थापा मारण्यात पटाईत. तो स्काउटला लग्नाची मागणी घालतो आणि मग विसरून तिच्या भावाबरोबर खेळत सुटतो. स्काउट त्याला दोनदा बदडून काढते, उपयोग शून्य. पुढे कोर्टात सरकारी वकील एका काळ्या माणसाला ज्या तुच्छतेने प्रश्न विचारतो ते ऐकून हा डिल इतका रडतो की त्याला बाहेर न्यावं लागतं. रडतो तो मुलगा आणि बाहेर घेऊन जाते ती मुलगी.

"कोणाचं पुस्तक चाललं जास्त?"

नेलचं. पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं तिला. ट्रुमनला ते जन्मात मिळालं नाही. मग गावगप्पा सुरू झाल्या की मॉकिंगबर्ड त्यानेच लिहून दिलं असणार.

"बाईने चांगलं काही केलं की मागे पुरुष शोधायचाच."

आणि तो पठ्ठ्याही ठणकावून नाही म्हणेना! पण १९५९ साली त्याने मावशीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात तो एवढंच सांगतो की नेलचं पुस्तक आपण वाचलं, छान आहे. आपण लिहिल्याचं अवाक्षर नाही.

वहिनींनी मेथीची जुडी संपवून दुसरी सोडली. म्हणजे बैठक लांबणार. मीही भिंतीला टेकले.

"पण मला सांगा बाई," त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं कौतुक झालं असेल. पोराचं काय हो?"

नेमकं विचारलंत. आपल्या बोलीतच बघा ना, बाईला मर्दानी म्हटलं तर ती शाबासकी, पुरुषाला बायल्या म्हटलं तर शिवी. तिकडेही तेच. मुलीला तिथे मुलासारखं वागायची थोडी मोकळीक असते. टॉमबॉय म्हणतात आणि हसून सोडून देतात. ट्रुमनला कोण हसून सोडणार? आईने दुसरं लग्न केलं, त्याला न्यूयॉर्कला नेलं. ट्रुमनचं कपोटे हे आडनाव त्या दुसऱ्या वडिलांचं. मुलाची चाल आणि बोलणं तिला बघवेना. बाराव्या वर्षाच्या आसपास तिने त्याला सैनिकी शाळेत घातलं, पुरुष होऊन येईल म्हणून. तो होता तसाच परत आला, फक्त आणखी दुखावलेला.

"आणि मुलीला मोकळीक किती वर्षं?"

बारा. लिहून ठेवा, बारा. अमेरिकन कादंबऱ्यांत डंगरी घातलेल्या मुली पुष्कळ. पण बाराव्या-तेराव्या वर्षाशी कुणीतरी फ्रॉक घेऊन उभं असतंच.

"आमची ज्यो तर पंधराची होती," वहिनी एकदम म्हणाल्या. शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' त्यांच्या कपाटात आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. त्यात मी काही सांगायला गेले तर मलाच दुरुस्त करतात. "आणि ज्यो हे मुलाचं नाव, खरं नाव जोसेफिन. तो लॉरी आहे ना, त्याला मित्र डोरा म्हणायचे, म्हणून त्याने आडनावावरून लॉरी करून घेतलं. मुलीला मुलाचं नाव, मुलाला मुलीचं. त्यांचंही अंगण शेजारीशेजारीच होतं."

मी हात जोडले. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"तिने केस कापून विकले तेव्हा मी रडले होते," वहिनी म्हणाल्या. "पंचवीस डॉलरला. आणि शेवटी लॉरीला नाही म्हणून त्या म्हाताऱ्या प्रोफेसरला हो म्हणाली, त्याचा राग अजून आहे."

तो राग लेखिकेवर काढा. लुइसा मे आल्कॉटने १८६८ साली पहिला भाग लिहिला, तर वाचकिणींची पत्रांवर पत्रं की या मुली लग्न कुणाशी करतात ते सांगा. जसं काही दुसरं काही घडूच शकत नाही. आल्कॉट स्वतः अविवाहित. चिडून तिने ठरवलं, काही झालं तरी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही. पण लग्नच नको, एवढं काही तिला जमलं नाही. प्रोफेसर ही तडजोड. मला तर तो प्रोफेसर कधीच डाचला नाही. ज्योने लिहिणं मधे टाकून दिलं ते जास्त डाचतं.

असो. मला खरं सांगायचंय ते फ्रँकीबद्दल.

"ही कोण आता?"

कार्सन मॅक्युलर्स म्हणून लेखिका होत्या, जॉर्जियातल्या कोलंबसच्या. अलाबामाच्या सीमेवरचंच गाव. जन्म १९१७. आईबापांनी नाव ठेवलं होतं लूला कार्सन. शाळकरी वयातच बाईंनी लूला गाळून टाकलं, कार्सन ठेवलं. अंगात पुरुषी शर्ट, पँट. नेल हार्पर लीनेही पुस्तकावरून नेल गाळलं, लोक नेली म्हणतील म्हणून. दोघींनीही बायकी नाव पायरीवर काढून ठेवलं आणि उरलेल्या नावाने आत गेल्या.

१९४६ सालची त्यांची कादंबरी, 'द मेंबर ऑफ द वेडिंग'. फ्रँकी अॅडम्स, वय बारा. आई नाही, वडिलांचं घड्याळ-दागिन्यांचं दुकान. मुलासारखे बारीक कापलेले केस, अंगात निळी चड्डी, पाय अनवाणी. उंची पाच फूट पावणेसहा इंच. एका वर्षात चार इंच वाढलीय. पोरगी गणित मांडते की या हिशोबाने अठराव्या वर्षापर्यंत आपण नऊ फुटांच्या वर जाणार.

वहिनी हसल्या नाहीत. "मीही अशीच उंच होते," म्हणाल्या. "आई म्हणायची, पोक काढून चाल."

नऊ फुटी बाई म्हणजे जत्रेतल्या तंबूत बसवायची चीज. फ्रँकीच्या गावी दर ऑक्टोबरात जत्रा भरते, तिथे असा तंबू असतो. राक्षस, बुटकी, जाडी बाई आणि एक अर्धपुरुष-अर्धस्त्री. एका अंगाला बिबट्याचं कातडं, दुसऱ्या अंगाला टिकल्यांचा घागरा, अर्ध्या चेहऱ्यावर दाढी, अर्ध्यावर रंगरंगोटी. फ्रँकी ते बघते आणि घाबरते. त्या माणसाने आपल्याकडे ओळखीचं बघितलं असं तिला वाटतं, तू आमच्यातलीच, असं. अख्ख्या पुस्तकात भूत नाही, पण अंगावर काटा येतो तो इथे.

कादंबरीचा निम्मा भाग नुसता स्वयंपाकघरात आहे. उन्हाळा, टेबल, पत्ते. फ्रँकी, घरी स्वयंपाक करणारी काळी बाई बेरेनिस, तिचा एक डोळा निळ्या काचेचा, आणि सहा वर्षांचा नात्यातला भाऊ जॉन हेन्री. तिघं खेळ खेळतात की आपण देव असतो तर जग कसं केलं असतं. फ्रँकी म्हणते, माणसांना मनाला येईल तेव्हा मुलाचं मुलगी आणि मुलीचा मुलगा होता यावं. बेरेनिसला ते अजिबात पटत नाही. जॉन हेन्रीचा तोडगा वेगळा. सगळ्यांनीच अर्धं मुलगा, अर्धं मुलगी असावं, संपला प्रश्न. फ्रँकीच्या भावाने तिला बाहुली आणलेली असते. तिला बाहुली म्हणजे अपमान वाटतो, ती ती जॉन हेन्रीला देऊन टाकते. तो तिला घेऊन खूश.

"आणि ती फ्रॉकवाली वेळ?"

येतेच. भावाच्या लग्नाला जायचं म्हणून फ्रँकी स्वतः बाजारात जाऊन केशरी सॅटिनचा मोठ्या बायकांचा झगा आणते, रुपेरी बूट आणते. ते बारीक केस, कोपरांवरचा मळ आणि वर हा झगा! बेरेनिस आपल्या खऱ्या डोळ्याने बघत राहते आणि स्पष्ट सांगते की शोभत नाही. कुणी मागे लागलं नव्हतं हो. हीच तर बाईंची नजर. फ्रॉक कोणी लादत नाही, पोर स्वतःहून त्यात शिरायला धडपडते, आणि तो तिला बसत नाही. शेवटी तेरावं लागतं, फ्रँकीची फ्रान्सेस होते, शहाणी मैत्रीण मिळते, सगळं रांगेला लागतं.

"आणि तो बाहुलीवाला पोरगा?"

"मेंदूज्वराने गेला."

वहिनींनी काडी मोडली ती हातातच राहिली. "असं का केलं हो बाईने?"

याचं उत्तर मी वर्गातही कधी नीट देऊ शकले नाही. माझं मत विचाराल तर, मुलीला बदलायला बाईंना वाट सापडली, त्या मुलाला मोठं करून कुठे ठेवायचं ते काही सापडलं नाही.

आता हे ऐका. मॉकिंगबर्ड गाजायला लागलं तेव्हा या मॅक्युलर्सबाईंनी नात्यातल्या कुणाला तरी लिहिलं, की ही ली माझ्या रानात शिकार करतेय. ट्रुमनलाही आधी त्यांनीच पुढे केलं होतं, प्रकाशकाकडे शब्द टाकला, बहिणीची ओळख एका मासिकात कामी आली. मग त्याच्यावरही संशय, की माझ्यातलं उचलतो.

"म्हणजे आपल्या वाटीतली कैरी शेजारणीच्या लोणच्यात दिसली."

तसंच. पण कैऱ्या तिघांच्याही अंगणातल्याच होत्या. त्या मुलुखात स्त्रीने गोड बोलावं आणि पुरुषाने बंदूक चालवावी असं इतकं घट्ट ठरलेलं, की त्यात न बसणारं पोर लगेच उठून दिसायचं. आणि लिहायलाही बहुधा तीच पोरं बसली.

"बरं, एखादी शेवटपर्यंत डंगरीतच राहिली असं नाही का?"

आहे की, मॅक्युलर्सबाईंचीच मिस अमेलिया. 'द बॅलड ऑफ द सॅड कॅफे'. सहा फुटांच्या वर उंची, दंड पुरुषाचे, दारू गाळणार ती पंचक्रोशीत एक नंबर, गावाला औषध देणार तेही फुकट. पण कुणी बायकांचं दुखणं घेऊन आली की लाजेने चेहरा काळवंडायचा, काही सुचायचं नाही तिला. नवरा दहा दिवस टिकला. पुढे काही वर्षांनी तो परत आला, दोघांची भर गावासमोर कुस्ती लागली, ती जिंकणार एवढ्यात ज्या बुटक्या माणसावर तिचा जीव होता त्यानेच मागून तिच्या पाठीवर उडी घेतली.

"दगाबाज मेला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यावर मला जास्त काही बोलायचं नव्हतं.

मधेच त्यांचा नातू सायकल भिंतीला आपटून आत पळाला. "काय ते कार्टं!" वहिनी ओरडल्या. मला एकदम आठवलं. ऊर्सुला ले ग्विन यांनी १९६९ साली 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' लिहिली. बर्फाळ ग्रह, तिथली माणसं महिन्यातले बरेच दिवस ना स्त्री ना पुरुष, थोडेच दिवस यातलं काहीतरी एक. कल्पना केवढी झेप घेणारी, पण लिहिताना सगळ्यांना इंग्रजीतला 'तो' लावला, आणि पुढे त्यांनाच ते खटकलं. मराठीत हा घोळ झाला नसता. आपल्याकडे पोर, लेकरू, कार्टं, सगळी 'ते'. मिशी फुटेपर्यंत किंवा पदर येईपर्यंत 'ते' चालतं. वहिनी म्हणाल्या, "मग माझी नणंद साठीची आहे, तिला मी अजून ते ध्यान म्हणते, ते?" त्यावर बोलायचं मी टाळलं.

"पण बाई, ती दोघं, नेल आणि ट्रुमन. मोठी झाल्यावर?"

मोठी झाल्यावर पुन्हा तेच. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्ससमधल्या होल्कम या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरातली चार माणसं मारली गेली. ट्रुमनला त्यावर लिहायचं होतं. बरोबर कोणाला नेलं? नेलला. तिचं पुस्तक तेव्हा छापखान्याच्या वाटेवर. शेतकऱ्यांच्या त्या गावात हा चिरक्या आवाजाचा, तऱ्हेवाईक कपड्यांचा बुटका माणूस दारात उभा राहिला की दारं बंद. नेल पुढे झाली, बायकांशी स्वयंपाकघरात बोलली, दारं उघडली. ख्रिसमसला एका वकिलाने दोघांना जेवायला बोलावलं, तिथून गावाची भीड चेपली. भिंतीपलीकडच्या पोराला सोडवायला ती तिसाव्या वर्षानंतरही मधे पडली. १९६६ साली 'इन कोल्ड ब्लड' आलं. अर्पणपत्रिकेत तिचं नाव होतं, दुसऱ्या एकाच्या बरोबरीने. पण कामात तिचा वाटा किती, याची म्हणावी तशी नोंद नव्हती. मग दोघांत पूर्वीसारखं राहिलं नाही.

"शेजाऱ्याला इतकं जवळ करूच नये," वहिनी म्हणाल्या, आणि ताट माझ्या बाजूला सरकवलं. मीही चार काड्या खुडायला घेतल्या.

"आणि स्काउट? तिला घातला का फ्रॉक?"

घालायला आत्या आलीच होती. अलेक्झांड्रा आत्या, कणखर बाई. तिचं म्हणणं, मुलीने पँटच्या कामात पडूच नये, लहानशी चूल, चहाची भांडी, मोत्यांची माळ यांत रमावं. एकदा तिच्याकडे बायकांचा चहा असतो. स्काउटला गुलाबी फ्रॉक. एक बाई विचारते, आज तुझी पँट कुठे गेली? पोरगी सांगते, फ्रॉकच्या आत आहे. बायका हसतात. त्याच चहात बातमी येते की तो निरपराध काळा माणूस तुरुंगात गोळ्या लागून मेला. आत्या आत जाऊन क्षणभर कोसळते, मग तोंड सारखं करून बाहेर येते आणि बायकांना बिस्किटं वाढू लागते. स्काउट बघते, आणि आपणही एक बशी उचलून फिरवते. पँटवाल्या पोरीने बाईपणाला पहिल्यांदा मान दिला तो इथे, त्यात धमक दिसली म्हणून.

आणि शेवटी अंधारात मुलांवर हल्ला होतो. स्काउटच्या अंगावर शाळेच्या नाटकातला हॅमचा तारेचा सांगाडा असतो, त्यामुळे सुरी आत लागत नाही. भावाचा हात मोडतो. घरी येते तेव्हा आत्या इतकी हबकलेली असते, की बदलायला म्हणून जे हाती येईल ते आणून देते आणि म्हणते, घाल गं राजा.

"काय दिलं?"

"डंगरी."

वहिनींनी मेथीवरची माती झटकली. "किती वर्षांची होती तेव्हा?"

"आठ."

"म्हणजे बाराला अजून चार वर्षं आहेत."

तेही सांगते. लीबाईंनी आधी दुसरंच पुस्तक लिहिलं होतं, ते २०१५ साली बाहेर आलं, 'गो सेट अ वॉचमन'. त्यातली स्काउट सव्वीस वर्षांची आहे. न्यूयॉर्कहून सुट्टीला गावी येते ती पँटमध्ये, आणि आत्याचं नाक मुरडलेलंच असतं. संपादकबाईंनी ते वाचून सांगितलं, हिच्या लहानपणीचं लिही. तेव्हा कुठे डंगरीतली स्काउट लिहिली गेली.